मोरीवरची काळी गादी

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. त्या उन्हाळ्यातली एक सकाळ मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. तुम्ही दोघं फोनवर नेहमी विचारता, आजी, तुझी सगळ्यात अवघड केस कोणती? मी एखादा दरोडा किंवा खून सांगेन असं तुम्हाला वाटतं. पण ज्या केसने मला सर्वांत जास्त घाबरवलं, तिच्यात ना सुरा होता ना पिस्तूल. काळे दाणे भरलेली एक लहानशी गादी होती. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. ती माणसं अजून रायपुरातच राहतात.

नवीन राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. शहर एकाएकी राजधानी झालं होतं. मिळेल त्या इमारतीत सरकारी कचेऱ्या थाटल्या जात होत्या, मंत्र्यांच्या गाड्यांसाठी रस्ते अडवावे लागत होते, आणि आमच्या ठाण्यात माणसं पूर्वी होती तेवढीच आणि जीप एकच. पुरानी बस्तीचा भाग माझ्याकडे होता आणि त्या ठाण्याची मी प्रभारी होते.

सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. एका गल्लीत स्वयंपाकघरात बाई भाजली होती. आम्ही पोहोचलो तोवर शेजाऱ्यांनी तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं होतं. स्वयंपाकघर लहान, कोपऱ्यात मोरी. भिंत कमरेपर्यंत काळवंडलेली, वरचा भाग जवळजवळ स्वच्छ. हे मी मनात टिपून ठेवलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. गॅसच्या नळीला आणि रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठेही बुडबुडा आला नाही. म्हणजे सिलिंडर गळत नव्हता. खोलीत पेट्रोलचा वास मात्र होता.

मोरीशेजारी भिंतीला टेकून एक काळी, चौकोनी, हातभर गादी पडली होती. गोधडीसारखे टाके घातलेली, एका बाजूने होरपळलेली. हवालदारांनी ती काठीने उलटली. आतून खडबडीत काळे दाणे सांडले.

"हे काय असंल, मॅडम? जादूटोण्याचं तर नसंल ना?" ते म्हणाले. आमचे हवालदार मूळचे अमरावतीकडचे, बाप रेल्वेत लागला म्हणून इकडे आलेले. कामाला चोख, फक्त निष्कर्ष जरा लवकर काढत.

"काय आहे ते नंतर पाहू. जप्त करा."

त्यांनी रिवाजाप्रमाणे केलं. पंचांसमोर गादी पांढऱ्या कापडात बांधली, शिवली, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला, चिठ्ठी लावली आणि मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत ठेवली. आमच्या खात्यात चाकू असो, साडी असो की हाड असो, सगळं असंच बांधलं जाई.

दुपारी त्या बाईच्या भावाने फिर्याद दिली. त्याचं म्हणणं, नवऱ्यानेच पेट्रोल टाकून जाळलं. शेजाऱ्यांनीही सांगितलं की आदल्या दिवशी दोघांचं जोरात भांडण झालं होतं. आणि संध्याकाळी आमच्या खबऱ्याने, गल्लीच्या तोंडाशी पानठेला चालवणाऱ्या माणसाने, निरोप धाडला की त्याने नवऱ्याला मोटरसायकलमधून बाटलीत पेट्रोल काढताना पाहिलं होतं. बाई बेशुद्ध होती. ती जबाब द्यायच्या स्थितीत नाही असं डॉक्टरांनी लेखी दिलं. मी नवऱ्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

नवरा तिशीच्या आतबाहेरचा, विदर्भातून आलेल्या कुटुंबातला. शहराबाहेरच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथे दगडी कोळशापासून एक खास कोळसा बनवत. पाणी, वायू, वास शुद्ध करायला तो वापरतात. कामगार त्याला नुसतं 'दाणा' म्हणत.

"बाटलीत पेट्रोल काढलंस?" मी विचारलं.

"काढलं, मॅडम. चेन धुवाले. गल्लीतच धुतली, सगळ्यांनी पाह्यलं."

"मग भांडण काहून झालं?"

"वासावरून," तो म्हणाला. "आमच्या मोरीतून पेट्रोलवानी वास येऊन राहिला होता. लय दिवसांपासून. ती म्हने, घर बदला. मी म्हटलं, काहून बदलायचं? कारखान्यातून दाणा आणतो. आमच्यातले सगळेच नेतात, जोड्याच्या कपाटात ठेवाले, संडासात ठेवाले. तिनं त्याची गादी शिवली, मोरीच्या तोंडावर ठेवली. वास गेला."

"गेला, तर मग भांडण?"

"मागच्या हप्त्यात ती पुन्हा म्हने, मले वास येते. मी म्हटलं, तुले भास होते. गादी हाय ना तिथं." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "त्यावरून झालं, मॅडम."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "आता हा सारं मोरीवर ढकलून राहिला. उद्या म्हणंल नालीनं जाळलं."

मला त्यांचं पटत होतं आणि पटतही नव्हतं. कोठडीत खोटं बोलणारा माणूस आपल्याला सोयीचं खोटं बोलतो. 'बायको वास येतो म्हणत होती आणि मी तिला वेडी ठरवलं', हे कुणाच्या सोयीचं खोटं? पण वरून फोन येत होते. "केस तो सीधी है, चालान तैयार करो," साहेब म्हणाले. चालान म्हणजे आरोपपत्र. राजधानीतली वर्तमानपत्रं रोज विचारत होती.

पूर्वी असे नमुने जुन्या राज्यातल्या दूरच्या प्रयोगशाळेत जात आणि अहवालाची वाट पाहण्यात ऋतू बदलत. आता शहरातच नवी प्रयोगशाळा सुरू झाली होती. तिथे बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली एक मराठी मुलगी रसायनतज्ज्ञ म्हणून नुकतीच लागली होती. गादी तिच्याकडे पाठवली. थोड्याच दिवसांत तिचा फोन आला.

"मॅडम, गादीत पेट्रोल आहे. भरपूर."

शेजारी उभ्या हवालदारांनी ते ऐकलं. "झालं, मॅडम," ते म्हणाले. मीही सुटकेचा श्वास सोडणार होते, तेवढ्यात ती पुढे बोलली.

"पण ही इथे यायच्या आधी कुठे ठेवली होती?"

"मालखान्यात."

"मालखान्यात आणखी काय आहे?"

मी फोन धरूनच मालखान्याच्या दारापर्यंत गेले. अपघातातल्या तीन मोटरसायकली, टाक्यांतून थेंब थेंब गळणाऱ्या. काळ्या बाजारातल्या रॉकेलचे डबे. खिडकी बंद, वर पत्रा, मे महिना. आत पाऊल टाकलं की डोकं जड व्हावं असा वास. त्याच्या मधोमध फळीवर आम्ही आमचा पुरावा कापडात बांधून ठेवला होता.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही वास धरणारी वस्तू कापडात बांधून पेट्रोलच्या खोलीत ठेवलीत. तिथे कोणाच्याही घरची गादी ठेवली असती तरी मला तीत पेट्रोलच सापडलं असतं. या अहवालावर कोणाला सोडताही येणार नाही, अडकवताही येणार नाही."

हवालदारांचा चेहरा पडला. "लाखेचा शिक्का तर बरोबर होता, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. खरंच बरोबर होता. शिक्का हात अडवतो, वाफ नाही अडवत.

त्या दुपारी मी प्रयोगशाळेत जाऊन बसले आणि तिला म्हटलं, मला शाळेतल्या मुलीसारखं समजावून सांग. तिने जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दगडी कोळसा आधी हवा न लागू देता भाजतात. मग तो लाल तापलेला असताना त्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशाचा थोडा थोडा भाग खाते आणि आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं उरतात. चमचाभर दाण्यांतल्या त्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर एक मोठं मैदान झाकलं जाईल. पेट्रोलसारखी जड वाफ त्यातून जाताना तिचे कण या भिंतींना चिकटून बसतात. स्पंज पाणी पितो तसं हे नसतं. कण पृष्ठभागावर बसतात, म्हणून शास्त्रात याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. हवा फारशी चिकटत नाही, ती पुढे जाते, आणि आपल्याला वाटतं वास संपला.

"संपत नाही?" मी विचारलं.

"नाही मॅडम. तो तिथेच बसलेला असतो. आणि सगळ्या जागा भरल्या की नंतर येणारी वाफ सरळ पार होते. वाफ ज्या बाजूने येते, त्या बाजूचा दाणा आधी भरतो. वाफ खालून येत असेल तर खालचा थर आधी भरलेला असतो. बाहेरून लागली असेल तर सगळीकडून."

म्हणजे मोरीवर ठेवलेली, मालखान्यात न गेलेली दुसरी एखादी गादी असती, तर तिने सांगितलं असतं की वाफ खालून आली की नाही.

मी ठाण्यात परतले आणि नवऱ्याला विचारलं, "अशी गादी एकच होती का?"

"दोन शिवल्या होत्या, मॅडम. दुसरी शेजारच्या काकूंना दिली. त्यांच्या मोरीतूनबी वास येऊन राहिला होता."

मी खुर्चीतून उठले. तोपर्यंत माझ्यासमोर एकच प्रश्न होता: हा माणूस गुन्हेगार आहे की नाही. तो गुन्हेगार असेल तर गल्ली सुरक्षित होती. तो खरं बोलत असेल तर त्या गल्लीतल्या प्रत्येक मोरीखाली पेट्रोलची वाफ होती, आणि दिवेलागणीची वेळ जवळ आली होती.

जीप सदर बाजारच्या गर्दीत अडकली. स्कूटर, मोटरसायकली, मध्येच हातगाडी. मी आणि हवालदार उतरून पायी निघालो. ते वयाने मोठे, धापा टाकत होते, पण मागे राहिले नाहीत. गल्लीत शिरताना प्रत्येक उघड्या दारातून मला फक्त चुली, शेगड्या आणि समया दिसत होत्या.

काकू सत्तरीच्या, भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या घरातल्या. त्या देवघरासमोर बसून वाती वळत होत्या. देवघर स्वयंपाकघरातच, मोरीपासून चार हातांवर. काडेपेटी मांडीशेजारी.

"काकू, दिवा लावू नका," मी दारातूनच म्हटलं.

त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "काहून? आता देवालेही पोलिसांची परवानगी लागते का?"

"आज लागते. आधी ती काडेपेटी द्या."

"घे बाई, घे. ह्या वयात काडेपेटीच्या गुन्ह्यात धरली मले, असं सांगीन पोट्ट्यांना."

हवालदारांनी ती घेऊन थेट अंगणापलीकडे नेली. मी मोरीकडे पाहिलं. काळी गादी नीट बसवलेली होती.

"काकू, मोरीतून वास येतो का?"

"पहिले लय येत होता. शेजारच्या सुनबाईनं ही गादी दिली तेव्हापासून नाकाले सुख हाय. गुणाची पोरगी हाय हो ती. कशी हाय आता?"

मी तशीच बाहेर पडले. गल्लीत घरोघर जाऊन आग लावू नका असं सांगितलं. अग्निशमनची गाडी बोलावली, नालीवरच्या फरशा उचलायला लावल्या. लोक चिडले. कुणी म्हणालं, जेवायचं काय? पलीकडच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांनी कुरकुरत का होईना, या गल्लीसाठी भात टाकला. रसायनतज्ज्ञ मुलगी नव्या, रिकाम्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांसह आली. तिने काकूंची गादी स्वतःच्या हाताने उचलली, डब्यात ठेवली, झाकण ठोकून बसवलं. या वेळी कापड नव्हतं आणि मालखानाही नव्हता.

निकाल दुसऱ्याच दिवशी आला. खालचा थर पेट्रोलच्या वाफेने भरलेला, वरचा अजून बराचसा मोकळा. वाफ नालीतून येत होती. काकूंच्या घरी वाफ गादी पार करून वर यायला थोडेच दिवस उरले होते. भाजलेल्या बाईच्या घरी तेच आधी घडलं होतं. तिने सकाळी भांडी घासायला गादी बाजूला केली, खाली साचलेली वाफ जमिनीलगत पसरली, आणि तिने शेगडी पेटवली. भिंत कमरेपर्यंतच का काळी झाली होती, तेही आता कळलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते.

पण नालीत पेट्रोल कुठून येत होतं? जवळपास पंप नव्हता. वायू मोजायचं यंत्र शहरात कुठे मिळेल हे कोणालाच नीट सांगता येईना. तेव्हा त्या मुलीनेच युक्ती काढली. तिने कारखान्यातून ताजा दाणा मागवला, जाळीच्या लहान पुड्या केल्या आणि नालीच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत ठिकठिकाणी तारेने लोंबकळत ठेवल्या. नंतर त्या डब्यांत बंद करून नेल्या. ज्या पुडीने सर्वांत जास्त वाफ धरली होती, ती गल्लीच्या मागच्या एका गोदामाच्या भिंतीलगत होती. तिच्या वरच्या अंगाच्या पुड्या जवळजवळ कोऱ्या.

गोदामाच्या पाटीवर जुन्या गोण्यांचा व्यापार लिहिला होता. छाप्याआधी मी साध्या साडीत समोरच्या दुकानात बांगड्या पाहत थोडा वेळ बसले. गोदामातली माणसं विडी ओढायला दर वेळी बाहेर येत, रस्ता ओलांडत आणि पलीकडे लिंबाखाली उभी राहत. गोण्यांच्या गोदामातला हमाल भर उन्हात विडीसाठी रस्ता ओलांडत नाही. तो गोण्यांवरच बसून ओढतो.

छापा टाकला. मागच्या शेडमध्ये फरशीखाली सिमेंटचं टाकं होतं. वाटेत टँकरमधून चोरलेलं पेट्रोल तिथे ओतलं जाई. टाक्याला भेग गेली होती आणि नाली त्याला लागूनच होती. व्यवस्थापकाला मी समोर बसवलं.

"मॅडम, आम्हाला काय माहीत? टाकं पाण्याचं आहे."

"मग तुमची माणसं विडी बाहेर का ओढतात?"

"सवय आहे त्यांची."

"कोणी लावली?"

तो खाली पाहत राहिला. टाकं गळतं हे त्याला माहीत होतं का, असं मी विचारलं. माहीत होतं, असं संध्याकाळपर्यंत त्याने कबूल केलं. माल कमी भरतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. कमी झालेला माल कुठे जातो, हे त्याने पाहिलं नव्हतं. माझ्या नोकरीत मी रागाने गुन्हे करणारी माणसं पुष्कळ पाहिली. पण जास्त नुकसान केलं ते अशा 'पाहिलं नाही' म्हणणाऱ्यांनी.

नवऱ्यावरचा गुन्हा मागे घ्यायचा अर्ज मी स्वतः न्यायालयात दिला. तो सुटला, त्याच सुमारास बाई शुद्धीवर येऊन बोलू लागली होती. मी तिचा जबाब घ्यायला इस्पितळात गेले. तिने सांगितलं ते सगळं जुळत होतं. जबाब संपला तेव्हा नवरा दारात उभा होता. आत यायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "मी दाणा आणला नसता, तर वास येत राह्यला असता. मग आम्ही घर सोडलं असतं. म्हणजे हे मीच केलं ना?"

मी काही बोलायच्या आत पलंगावरून आवाज आला. चेहऱ्यावर पट्ट्या, ओठ जेमतेम हलत होते.

"दाणा तुम्ही आणला. गादी मी शिवली. मग मलेबी धरा म्हणावं बाईंना." थोडं थांबून ती म्हणाली, "आत या. पण मले वास येते असं म्हटलं, की पुढल्या वेळी ऐका."

तो आत गेला. मी बाहेर आले.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. पुढे माझ्या हाताखाली पुष्कळ ठाणी आली. बैठकीत एखादा प्रभारी छाती पुढे काढून सांगे, मॅडम, अमुक वस्तीतून आता एकही तक्रार येत नाही. बाकीचे माना डोलावत. मी दुसऱ्या दिवशी त्या वस्तीत जाऊन एखाद्या ओट्यावर बसत असे आणि बायकांना विचारत असे, तुम्ही बोलणं का थांबवलंत? पुष्कळदा खरंच सगळं ठीक असे. काही वेळा नसे. तिथे कुणीतरी त्या काळ्या गादीसारखा त्यांचं म्हणणं गिळून बसलेला असे, आणि त्याच्यात आता आणखी जागा उरलेली नसे.